'आराखडा दाखवला की धंदा गेला': या सल्ल्यातला प्रत्येक मुद्दा तपासून

सध्या एक सल्ला बराच फिरतो आहे: 'धंद्याचा आराखडा कुणाला दाखवू नका. लोक चोरतील, पेटंट हातचं जाईल. जगाचं भलं करायचं तर आधी मोठे व्हा, मग वाटा.' पिण्याचं पाणी किंवा टाळता येणारं अंधत्व अशा प्रश्नांवर काम करणाऱ्यांनी तो मनावर घेतला, तर नुकसान फार मोठं आहे.

'चोरतील.' मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालं. तिथे एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असते तेव्हा शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असतो, आणि मोफत रुग्णांचा खर्च पैसे भरणाऱ्यांच्या शुल्कातून निघतो. ही पद्धत त्यांनी झाकून ठेवली नाही, उलट इतर रुग्णालयांना शिकवायला स्वतंत्र संस्था काढली. अरविंदचे रुग्ण त्यामुळे आटले नाहीत. मोतीबिंदूचं काम कुठल्याही एका संस्थेला पुरून उरणारं आहे.

'पेटंट हातचं जाईल.' यात तथ्य आहे, पण क्रम पाळला तर धोका टळतो. युरोपात अर्जाआधी तपशील प्रसिद्ध झाला की नावीन्य संपलं, मग पेटंट मिळत नाही. अमेरिकेत संशोधकाला प्रसिद्धीनंतर अर्ज करायला एक वर्षाची सवलत मिळते. म्हणून आधी अर्ज, मग प्रसिद्धी. १९५९ साली व्होल्व्होने तीन बिंदूंचा सीटबेल्ट आणला, त्याचं पेटंट घेतलं आणि इतर कंपन्यांनाही तो वापरू दिला. पेटंट नकोच असेल, तर सगळा तपशील तारखेसह प्रसिद्ध करा, म्हणजे नंतर दुसऱ्या कुणाला त्यावर हक्क सांगणं अवघड जातं.

'आधी मोठे व्हा, मग वाटा.' हा मुद्दा सर्वात घातक, कारण आराखड्यातला उपयोगी भाग सुरुवातीच्या काळातच तयार होतो: कोणतं गृहीतक कुठे फसलं. समजा आरओ पाणीकेंद्राचा आराखडा रोज २,००० लिटर विक्री धरून केला आणि प्रत्यक्षात ६०० लिटरच खपलं. पगार, भाडं तेवढंच राहतं, त्यामुळे लिटरमागचा स्थिर खर्च तिपटीहून वर जातो. त्यात पाणी जड असेल तर मेम्ब्रेनवर (पाणी गाळणाऱ्या पडद्यावर) क्षार बसतात आणि ती ठरल्याआधी बदलावी लागते. म्हणून नुसता 'नफा इतका' हा आकडा कुणाच्याच कामाचा नाही. कच्च्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आणि कठीणपणा, वाया जाणाऱ्या पाण्याचं प्रमाण, मेम्ब्रेन किती महिने टिकली आणि महिनावार खरी विक्री, एवढं लिहिलंत तरच दुसऱ्या गावचा माणूस आपलं गणित मांडू शकेल.

आराखड्याची अर्धीच नक्कल झाली तर काय होतं, ते २०१० साली आंध्र प्रदेशात दिसलं. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेच्या धर्तीवरची गटकर्जं अनेक कंपन्यांनी वाटली, पण एकाच कुटुंबावर आधीच किती कर्ज आहे हे तपासायची सोय नव्हती. कर्जावर कर्ज चढलं, वसुलीचा जाच वाढला आणि राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. म्हणून कर्जाच्या मर्यादा आणि थांबण्याच्या अटीसुद्धा आराखड्यात हव्यात.

सगळंच उघड करायचं, असं मात्र नाही. ग्राहकांची वैयक्तिक माहिती, न उघडलेल्या निविदेतले दर आणि गोपनीयतेच्या करारातली कलमं बाहेर ठेवा. पुढे लावायचे भावही प्रतिस्पर्ध्यांना कळवू नका. बऱ्याच देशांत त्याकडे संगनमत म्हणून पाहिलं जातं. उरलेला आराखडा आवृत्ती क्रमांक आणि तारीख घालून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (इतरांना वापराची मुभा देणाऱ्या खुल्या परवान्याखाली) द्या, आणि खर्चाचा तक्ता पीडीएफ करू नका, सूत्रांसकट स्प्रेडशीटमध्येच ठेवा.