दुखत नाही ना, मग कॅप नंतर बघू!

आज ऑफिसात एकजण आरामात म्हणाला, "रूट कॅनॉल झालं, आता काही दुखत नाही. कॅपचं दिवाळीनंतर बघू." मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो. बिचारा बघतच राहिला. त्याला काय माहीत आमच्या बाबांची दाढ!

खालची दाढ. रात्र रात्र लवंगेचं तेल लावून बसायचे. मग एक दिवस ठणका आपोआप थांबला, घरात आनंदीआनंद. अहो, थांबला कारण आतली नस मेली होती! जंतू खाली मुळापर्यंत चाललेच होते. हिरडीवर पुळी आली तेव्हा कुठे पेठेतल्या डॉक्टरांकडे गेलो. मधल्या काळात मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक झालंच होतं. मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही, गोळी काय पोचणार?

रूट कॅनॉलला, म्हणजे आतली मेलेली नस काढून मुळातल्या नळ्या साफ करून भरायला, बाबा उगाच घाबरले होते. भूल दिल्यावर फारसं कळत नाही. सूज असली की कधी कधी भूल नीट चढत नाही, हे मान्य. तेव्हा हात वर करायचा आणि आणखी मागायची, आमच्या बाबांसारखं मुकाट सोसायचं नाही. नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखतं, ते चालतं. सूज वाढली किंवा ताप आला तर मात्र लगेच फोन.

आणि शेवटच्या दिवशी कळलं, कॅपचे पैसे वेगळे! माझी सटकलीच. पहिल्याच दिवशी सांगायला काय जातं? तुम्हीच विचारा बाबांनो. एक्स-रे, रूट कॅनॉल, कॅप, सगळं धरून किती? नळ्या किती सापडल्या? वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथी नळी लपलेली असते, ती राहिली तर दुखणं परत येऊ शकतं. काम झाल्यावरचा एक्स-रे बघायला मागा. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, शुगर असेल तर आपणहून सांगा. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पुढच्या दाताला कधी कधी नुसतं फिलिंग पुरतं, बरं, हेही मान्य. पण दाढेला? आधी किडीने पोखरलेली, मग वरून भोक पाडलेलं. उरतात नुसत्या भिंती, आणि चावायचा सगळा जोर त्यांच्यावर. कॅप म्हणजे त्या भिंतींना सावरणारं टोपण.

सहा महिन्यांनी भाकरवडी खाताना कट्ट आवाज झाला. बाबांची दाढ उभी चिरली, पार मुळापर्यंत. काढावीच लागली.

इतकी वर्षं मी त्या डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडतोय. पण खरं सांगायचं तर कॅपसाठी त्यांचा दोनदा फोन आला होता. "बाबा, दुखत नाही ना? मग बघू नंतर," हे मीच म्हणालो होतो. गाडीचे हप्ते चालू होते तेव्हा. बाबांनी अजून एकदाही बोलून दाखवलेलं नाही. भाकरवडी चहात बुडवून खातात, डाव्या बाजूने.

ऑफिसवाल्याला आत्ताच मेसेज टाकलाय. ओरडलो त्याबद्दल सॉरी, आणि कॅपची अपॉइंटमेंट घे. निळी टिक आलीये, उत्तर नाही.