बटनांचं देवघर

इंदूरमध्ये घरात भंगार साठवणं हा जवळपास सामाजिक गुन्हा आहे. २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं यायला लागलं आणि तेव्हापासून रोज सकाळी कचरागाडी गाणं वाजवत दारात येते. ओल्याचा कप्पा वेगळा, सुक्याचा वेगळा, इ-कचऱ्याचाही वेगळा. बायकोचा त्या शेवटच्या कप्प्यावर फार दिवसांपासून डोळा होता, कारण माळ्यावर माझा २००७ सालचा कॉम्प्युटर पडून होता.

"अहो, आज देऊनच टाकते."

"थांब, त्याचं व्हिडिओ गेमचं मशीन करतोय."

हे मी नुसती तारीख पुढे ढकलायला बोललो होतो. पण चिरंजीवांनी ऐकलं आणि शाळेत सांगून आले. मग इलाज उरला नाही.

कॉम्प्युटर सुरू होईना, नुसता बीप-बीप करी. रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून तिचे पिवळे दात खोडरबराने घासले, तसा तो जागा झाला. आतला गोल सेल मेलेला, त्यामुळे दर वेळी उठला की त्याला २००७ चा जानेवारीच वाटे. मला त्याचा हेवा वाटला, म्हणून सेल बदलायला आठवडा लावला.

मशीनसाठी लाकडी पेटी हवी होती. तिचा नकाशा मी ग्राफ पेपरवर काढला आणि मिस्त्रींना दिला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"भिया, भगवान कौन से बैठेंगे?"

"भगवान नहीं, कॉम्प्यूटर बैठेगा."

"वो तो ठीक है, पर मंदिर किसका है?"

बटनांसाठी ३० मिलिमीटरची आठ भोकं सांगितली, तर त्यांनी विचारलं, "दीये रखोगे?" मी थकून हो म्हणालो. ती चूक झाली. आठ दिवसांनी पेटी आली ती वर ॐ ची जाळी आणि खाली अगरबत्तीचा ड्रॉवर घेऊनच. (ड्रॉवरमध्ये कीबोर्ड फार सुरेख बसतो, हे मी कबूल करतो.) आईने पेटी बघितली, सवयीने हात जोडले आणि मग विचारलं, "हे काय आहे रे?"

जेल रोडच्या बाजारात मोबाईलची आतडी किलोवर मिळतील, पण मी जॉयस्टिक मागितली तेव्हा दुकानदाराने टीव्हीचा रिमोट काढून दाखवला. शेवटी स्टिक, बटनं आणि ती यूएसबीला जोडणारी हिरवी पट्टी ऑनलाइन मागवली. बटनं निघाली नुसती दाबून बसवायची, म्हणजे पातळ पत्र्यासाठी. आमचं प्लायवूड १८ मिलिमीटरचं. ती परत करून मागे चाकी फिरवून आवळायची मागवली. स्टिकची तर दांडीच वर येईना. प्लायवूडमधून नुसता लाल गोळा डोकावत होता, नैवेद्याच्या लाडवासारखा. मिस्त्रींनी खालून पटाशीने लाकूड कोरलं तेव्हा कुठे दांडी दिसली.

सॉफ्टवेअरचं नाव मेम. निकोला साल्मोरिया नावाच्या इटालियन गृहस्थाने १९९७ साली ते सुरू केलं. त्यात जुनी आर्केड मशीनं, म्हणजे नाणं टाकून खेळायची, जशीच्या तशी चालतात, फक्त खेळ आपले आपण आणायचे, आणि बहुतेक खेळांवर अजून कंपन्यांचा हक्क आहे. (रात्री दोनला मी "मेम का चालत नाहीये" असं ओरडलो, त्याचा खुलासा मला सकाळी वेगळा करावा लागला.) हक्काची भानगड नको म्हणून मी १९८१ चा रॉबी रोटो हा खेळ घेतला. तो मेमवर खेळायला अधिकृतपणे मोकळा आहे. एक माणूस जमिनीत बोगदे खणत फिरतो. कीबोर्डवरचं ५ दाबलं की नाणं पडलं असं मशीन समजतं. लहानपणी एकेका रुपयासाठी काय काय थापा मारल्या होत्या, ते आठवून मी ५ वीस वेळा दाबलं.

खरा घोळ पुढेच. स्टिक मी पेटीखाली उताणा झोपून, टॉर्च दातात धरून बसवली होती, आणि खालून बघताना ती पाव फेरा फिरली होती. दांडी वर ढकलली की गडी उजवीकडे जाई आणि उजवीकडे ढकलली की खाली. स्क्रू पुन्हा काढायचं त्राण माझ्यात नव्हतं. "हे असंच असतं," मी ठामपणे सांगितलं.

मुलगा आणि मी दर खेळाला मरत होतो. आईने मात्र जन्मात कधी जॉयस्टिक धरली नव्हती, त्यामुळे तिला विसरण्यासारखं काही नव्हतं. दुपारी पोथी झाली की ती खुर्ची ओढून बसायची. महिन्याभरात वरचे सगळे आकडे तिचे.

मग एका रविवारी मला कळलं की मेममध्ये टॅब दाबला की दिशा बदलता येतात, स्क्रू काढावेच लागत नाहीत. दोन मिनिटांत सगळं सरळ झालं. संध्याकाळी आई पहिल्याच बोगद्यात गेली.

"काय केलंस रे याला? बिघडवलंस."

दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप टॅब दाबून पुन्हा वाकडं केलं.

परवा पुण्याहून मावसभाऊ आला. हे मशीन घरीच केलंय म्हणताच हौसेने बसला, स्टिक वर ढकलली, आणि गडी भलतीकडेच गेला. आईने चष्मा सारखा केला.

"अरे, वर जायचं तर डावीकडे ढकल. एवढं कसं कळत नाही तुम्हा पुण्याच्या लोकांना!"