खरी गंमत इंजिनात
पोर्शे ९११ जीटी३ या स्पोर्ट्स कारवरच्या लेखात तिचा टॉप स्पीड नि किंमत सांगून आटपलंय, अहो खरी गंमत इंजिनात आहे. ४ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही तरी ९००० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत, किंचाळत जातं, बॉक्सर असल्याने पिस्टन आडवे चालतात म्हणून वजन खाली राहतं. त्यात इंजिन मागच्या एक्सलच्याही (चाकांच्या आसाच्याही) मागे, ९११ चा १९६३ पासून हाच हट्ट! वळणातून निघताना मागची चाकं रस्ता धरतात ती या मागच्या वजनामुळेच. आमच्या रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या वळणांवर काय मजा येईल, पण गणपतीपुळ्यापर्यंत दर स्पीडब्रेकरला गाडीचं नाक वर उचलायचं बटण दाबत बसा, आणि तेसुद्धा ऑप्शनल, त्याचे पैसे वेगळे!