खेळाडूंना पैसे मिळाले म्हणून खुर्च्या रिकाम्या पडल्या?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलबद्दल एक दावा सारखा फिरत असतो. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली (यालाच तिथे एनआयएल म्हणतात). त्याच वर्षी संघ बदलणंही सोपं झालं. तेव्हापासून निष्ठा संपली, चाहते दुरावले, गर्दी आणि कमाई दोन्ही बुडाली, असं हा दावा सांगतो. ऐकायला पटतं, पण आकडे काढून बसलं की एकेक टाका उसवत जातो.

‘घसरण २०२१ पासून सुरू झाली.’

नाही. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीतल्या सामन्यांची सरासरी प्रेक्षकसंख्या २००७ च्या सुमारास शिखरावर होती. पुढची दहा-बारा वर्षं ती हळूहळू उतरतच होती. तेव्हा खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे उघडपणे फारसं काही मिळत नव्हतं. फिरणाऱ्या आलेखांत ही वर्षं नसतात. काही आलेखांत तर मधेच २०२०-२१ चा हंगाम असतो. तो करोनाचा हंगाम, बहुतेक मैदानं रिकामी किंवा मोजक्या प्रेक्षकांची. तो आकडा रेषेत ठेवून कुणी कल काढत असेल, तर आलेख तिथेच मिटावा.

‘निष्ठा गेली म्हणून चाहते गेले.’

हे तपासायला लुईव्हिल विद्यापीठाइतकं सोयीचं उदाहरण नाही. त्यांचं घरचं मैदान म्हणजे २०१० मध्ये उघडलेलं केएफसी यम सेंटर, सुमारे २२ हजार खुर्च्यांचं. पहिली काही वर्षं जाहीर सरासरी २० हजारांच्या वर असायची. २६ सप्टेंबर २०१७ ला एफबीआयचा भरतीतल्या लाचखोरीचा तपास उघड झाला आणि ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक रिक पिटिनो यांना काढलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका वेगळ्या, जुन्या प्रकरणात २०१३ चं राष्ट्रीय विजेतेपदही रद्द झालं. सरासरी २० हजारांखाली घसरली ती त्याच हंगामात, म्हणजे एनआयएलच्या तीन वर्षं आधी.

पुढे २०२२-२३ मध्ये संघाने ४ सामने जिंकले, २८ हरले. त्यानंतरच्या हंगामात ८ जिंकले, २४ हरले. असा संघ बघायला मंगळवारच्या रात्री नऊला कोण येणार?

आता दाव्याची खरी परीक्षा. मार्च २०२४ मध्ये नवे प्रशिक्षक म्हणून पॅट केल्सी आले आणि त्यांनी जवळपास अख्खा संघ नवा उभा केला, त्यातले बरेचसे खेळाडू दुसऱ्या कॉलेजांतून बदलून आलेले. दाव्यानुसार ही ‘भाडोत्री फौज’ बघायला कुणी फिरकायला नको होतं. संघाने २७ सामने जिंकले, ८ हरले, २०१९ नंतर पहिल्यांदाच एनसीएएच्या (कॉलेज खेळ चालवणारी संघटना) राष्ट्रीय स्पर्धेत पोचला आणि गर्दीही वाढली. चाहत्यांची निष्ठा जर्सीशी असते आणि जर्सी हरत राहिली की तीही पातळ होते.

महिलांच्या खेळाकडे पाहिलं तर दावा उलटाच पडतो. आयोवाच्या केटलिन क्लार्कचे नाइकी, स्टेट फार्म यांच्याशी करार होते. २०२३-२४ मध्ये तिच्या संघाच्या घरच्या सामन्यांची तिकिटं हंगामभर संपलेली होती. १५ ऑक्टोबर २०२३ ला फुटबॉलच्या मैदानावर कोर्ट टाकून सराव सामना ठेवला, तर ५५,६४६ लोक आले. पैसे मिळतात म्हणून कुणी तोंड फिरवलं नाही.

‘जाहीर आकडे बघा ना.’

कोणता आकडा? एका सामन्याचे तीन आकडे असतात: विकलेली तिकिटं, वाटलेली तिकिटं (फुकटची धरून) आणि दारावर स्कॅन झालेली तिकिटं. जाहीर होतो तो बहुधा पहिला किंवा दुसरा. २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने कॉलेज फुटबॉलचं स्कॅनिंग तपासलं, तेव्हा प्रत्यक्ष आलेले लोक जाहीर आकड्याच्या सुमारे ७१ टक्के निघाले. एका वर्षाचा जाहीर आकडा आणि दुसऱ्या वर्षाचा स्कॅनचा आकडा शेजारी ठेवला, की नसलेली तीस टक्के घसरण तयार होते. सरकारी विद्यापीठांकडे माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून हे आकडे मागता येतात. अर्जात ‘प्रत्येक सामन्याची स्कॅन संख्या’ असं स्पष्ट लिहावं, नुसतं ‘उपस्थिती’ लिहिलं तर जाहीर आकडाच हातात पडतो.

‘चाहत्यांनी देणग्या थांबवल्या, त्या रागापोटी.’

इथे राग नाही, प्राप्तिकर आहे. चांगल्या खुर्चीचं सीझन तिकीट घ्यायचं तर तिकिटाच्या किमतीवर कॉलेजच्या क्रीडानिधीला वेगळी ‘देणगी’ द्यावी लागते. २०१७ पर्यंत या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत होती. नव्या कर कायद्याने १ जानेवारी २०१८ पासून ती काढून टाकली. समजा खुर्चीमागे देणगी १,५०० डॉलर आणि चाहता ३३ टक्क्यांच्या करटप्प्यात. आधी १,२०० डॉलरवर ३९६ डॉलर कर वाचायचा, आता शून्य. चार खुर्च्यांचं कुटुंब असेल तर वर्षाला १,५८४ डॉलरचा जादा भार, खुर्च्या त्याच आणि संघही तोच. कंपन्यांना पाहुण्यांच्या तिकिटांवर मिळणारी ५० टक्के वजावटही त्याच कायद्याने गेली.

यातला एक बारकावा भल्याभल्यांना चकवतो. अनेक कॉलेजांनी चाहत्यांना ३१ डिसेंबर २०१७ च्या आत पुढच्या देणग्या आगाऊ भरायला सांगितलं. बहुतेकांचं आर्थिक वर्ष जुलै ते जून. त्यामुळे २०१८ चं वर्ष फुगलेलं आणि २०१९ चं खचलेलं दिसतं. दोन्हीची सरासरी घेतल्याशिवाय तुलना करू नये.

‘गर्दी घटली म्हणजे उत्पन्न घटलं.’

रणजीच्या सामन्याला स्टँडमध्ये कावळे असतात, म्हणून बीसीसीआय भिकेला लागलेलं नाही. इथेही मोठा पैसा प्रक्षेपणाचा. एनसीएए स्पर्धेचा सीबीएस-टर्नर या वाहिन्यांशी करार २०१६ मध्ये ८.८ अब्ज डॉलरने वाढवून २०३२ पर्यंत नेला. त्यातला एक भाग कामगिरीवर वाटला जातो. स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांमागे ‘युनिट’ मिळतात. एका युनिटची किंमत सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर. ती कॉन्फरन्सकडे (कॉलेज ज्या गटात खेळतं तो गट) जाते आणि तिथून सदस्यांत वाटली जाते. रिकाम्या खुर्च्यांचं नुकसान पार्किंग, बिअर आणि पुढच्या वर्षीच्या सीझन तिकिटांच्या नूतनीकरणात दिसतं. छोट्या कॉलेजांना ते खरंच झोंबतं, कारण त्यांच्याकडे प्रक्षेपणाची उशी नाही.

पण या दाव्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मान्य करायला हवी: खर्च वाढला. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि कॉलेजांना २०२५-२६ साठी खेळाडूंना थेट सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटता येऊ लागले. ढोबळ वाटणीत १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला धरले तरी ३० लाख डॉलर होतात. ही रक्कम ताळेबंदात खर्चाच्या बाजूला बसते. पुढच्या वर्षी कुणी ‘बास्केटबॉलची शिल्लक घटली’ म्हणाला, तर आधी तिकीटविक्रीची ओळ वेगळी काढून बघावी. देणग्या तर बऱ्याच कॉलेजांच्या हिशेबात कोणत्याच खेळाखाली नसतात, ‘सामायिक’ रकान्यात पडून असतात.