आधी टेबलावरच्या माणसाला वाढा

शनिवारी संध्याकाळी सव्वासातला आम्ही तिघं आमच्या नेहमीच्या पिझ्झ्याच्या दुकानात जाऊन बसलो. मी, अण्णा आणि माझी भाची. पहिला पिझ्झा टेबलावर आला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. या ५५ मिनिटांत आमच्या डोळ्यांदेखत पार्सलची १९ खोकी दाराबाहेर गेली. मी मोजली. आमचं टेबल काउंटरला लागून होतं. अण्णांना साखरेचा त्रास आहे, जेवायला उशीर झाला की त्यांचे हात थरथरायला लागतात, त्यामुळे माझी नजर भट्टीवरून हलतच नव्हती. शेवटी पर्समधली दोन बिस्किटं त्यांच्या हातावर ठेवली. भट्टीपासून सहा फुटांवर बसलेल्या ८० वर्षांच्या माणसाला बिस्किटांवर भूक भागवावी लागली, हे मला फार लागलं. म्हणून लिहितेय.

दुकानाचं नाव लिहिणार नाही. नाशिकमधल्या ज्यांनी ओळखलं असेल त्यांनीही कमेंटमध्ये लिहू नका, हात जोडून सांगते. मला त्या माणसाचं नुकसान करायचं नाही. ते दुकान टिकावं म्हणूनच जीव तुटतोय.

चार वर्षांपूर्वी आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो. आठ टेबलं, एक विटांची लाकडावरची भट्टी, आणि पस्तिशीचा मालक स्वतः भट्टीपाशी उभा. अण्णा नाखूशच होते. "मैद्याचं काय खायचं," म्हणाले. मग भट्टीकडे बघत बसले. आतल्या पोरानं पिठाचा गोळा ओट्यावर घेतला. लाटणं नाही. बोटांच्या टोकांनी मधून बाहेर दाबत नेला आणि काठाला मुद्दाम हात लावला नाही, त्यामुळे मधली सगळी हवा काठात गेली. वर कुस्करलेला टोमॅटो, चीज, बेझिलची चार पानं, तेलाची एक धार. लांब दांड्याच्या फावड्यावर घेऊन आत सारला. दीड मिनिटाच्या आत काठ टम्म फुगला आणि त्यावर काळे-तांबूस डाग पडले. अण्णा मूळचे सिन्नरकडचे, लहानपण बाजरीच्या भाकरीवर गेलेलं. त्यांनी पहिला घास काठाचा घेतला, चावला, आणि म्हणाले, "याला पापुद्रा सुटलाय." तेव्हापासून ते काठ आधी खातात, मधलं नंतर.

त्या दिवशी भाचीनं फोटोसाठी मोबाइल काढला तर वाढणारा पोरगा म्हणाला, "ताई, फोटो नंतर काढा, आधी खा. दोन मिनिटांत मजा जाते याची." असं सांगणारं हॉटेल मला तोवर भेटलं नव्हतं. आम्ही त्याच दिवशी त्यांचे कायमचे झालो. अण्णांचा वाढदिवस, भाचीचा बारावीचा निकाल, माझी निवृत्ती, सगळं तिथेच साजरं झालं.

आणि परवाचा पिझ्झा कसा होता? काठ बसलेला, तळ पांढरट, कच्चट. त्रिकोण उचलला की टोक लोंबायचं आणि चीज घसरून ताटलीत पडायचं. वरून मात्र व्यवस्थित भाजलेला. अण्णांनी एक तुकडा खाल्ला आणि काठ ताटलीच्या कडेला ठेवून दिला. काही बोलले नाहीत.

हे असं का होतं ते ज्यांनी रोज भाकऱ्या थापल्यात त्यांना लगेच कळेल. भट्टीच्या तळाच्या विटा म्हणजे तवा. या भट्ट्या चारशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात, म्हणून तर ६० ते ९० सेकंदांत पिझ्झा होतो. पण प्रत्येक थंड ओला गोळा तळाची उष्णता ओढून घेतो. मधे थोडी उसंत दिली की विटा पुन्हा तापतात. एकामागून एक पिझ्झे सारत राहिलात तर वरच्या ज्वाळेनं माथा भाजतो आणि तळ तसाच राहतो. पीठही आयत्या वेळी वाढवता येत नाही. गोळे आदल्या दिवशी मळून थंडाव्यात फुगत ठेवलेले असतात. ते संपले की घाईनं मळलेलं पीठ वापरावं लागतं. ते ताणलं की मागे येतं आणि दातांना चामट लागतं. म्हणजे भट्टीची एक मर्यादा आहे आणि पिठाची एक. तासाला या दोन्हींना पेलतील तेवढेच पिझ्झे चांगले होणार.

मग त्यातले आधी कुणाला द्यायचे, एवढाच प्रश्न उरतो. आणि माझं म्हणणं इतकंच आहे की समोर येऊन बसलेल्या माणसाला.

मिसळीचं बघा. नाशकात रविवारी सकाळी मिसळीच्या ठिकाणी जागेसाठी लोक ताटकळतात, पण एकदा बसलात की रस्सा फिरत राहतो, पाव संपला का विचारलं जातं. पार्सलवाला बाजूला थांबतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. शिवाय पार्सल देताना फरसाण वेगळं, रस्सा वेगळा, कांदा-लिंबू वेगळं बांधतात, कारण एकत्र केलं तर घरी जाईपर्यंत लगदा होईल हे सगळ्यांना माहीत आहे. पिझ्झ्याची अशी फोड करता येत नाही. गरम पिझ्झा खोक्यात गेला की त्याचीच वाफ झाकणाला लागून परत त्याच्यावर बसते. खोक्याला कितीही भोकं पाडा. वीस मिनिटांनी कुरकुरीत काठ मऊ आणि मऊ मधला भाग रबरासारखा झालेला असतो. म्हणजे ज्या १९ खोक्यांसाठी आम्हाला बसवून ठेवलं, त्यातला एकही पिझ्झा खाणाऱ्यापर्यंत त्याच्या खऱ्या रूपात पोचलेला नाही. आमचा गेला आणि त्यांचाही गेला.

पिझ्झा म्हणजे खोक्यातून येणारी वस्तू, ही सवय आपल्याला लागली त्याला कारण आहे. १९९६ मध्ये डॉमिनोज भारतात आलं आणि ३० मिनिटांत घरपोच, नाहीतर फुकट, हे वाक्य घराघरांत पाठ झालं. माझी भाची त्याच खोक्यांवर वाढली. पण त्याआधी आमच्या घरी पिझ्झा होत नव्हता का? बेकरीतून तयार बेस आणायचा, वर टोमॅटो सॉस, कांदा, शिमला मिरची, अमूलचं चीज किसून, आणि तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर. आई एकेक करायची आणि तव्यावरून थेट ताटात टाकायची. इटलीशी त्याचा काही संबंध नव्हता, पण तो गरम खायचा पदार्थ होता आणि करणारी आणि खाणारा यांच्यामध्ये चार पावलांचं अंतर होतं.

आणि इटलीशी ज्याचा संबंध आहे त्याचंही तेच म्हणणं आहे. इटलीतल्या नेपल्स शहराच्या पिझ्झ्याला युरोपीय संघानं २०१० मध्ये पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदणी दिली. त्या नियमावलीत गोळ्याचं वजन, काठाची उंची, भाजायची वेळ सगळं लिहिलंय, आणि त्याबरोबर हेही लिहिलंय की हा पिझ्झा शक्यतो भट्टीतून निघाल्याबरोबर, केला त्याच जागी खावा. सरकारी कागदावर 'गरम गरम खा' लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचलं आणि मला आमचा तो वाढणारा पोरगा आठवला. तिथे रस्त्यावर विकतात तो पिझ्झासुद्धा चार घड्या घालून हातात देतात आणि लोक उभ्या उभ्या तिथेच संपवतात. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोनं २०१७ मध्ये मानवतेचा वारसा म्हणून यादीत घेतली. ती हाताची कला आहे, आणि हाताची कला बघायला माणूस समोर लागतो.

शनिवारी बाकीच्या टेबलांवरही माझं लक्ष होतं. शेजारी एक जैन कुटुंब होतं, दोन लहान मुलं. वडिलांनी कांदा-लसूण नको म्हणून सांगितलं, तर मालकानं इतक्या गर्दीतही बाहेर येऊन समजावलं की आमच्या मार्गेरिटा पिझ्झ्याच्या सॉसमध्ये टोमॅटो आणि मिठाशिवाय काहीच नसतं, निर्धास्त खा. चीजबद्दल त्यांनी विचारलं, त्याचंही उत्तर त्यानं नीट दिलं. माणूस मनापासून करतो, यात शंका नाही. पण त्या मुलांतलं धाकटं पिझ्झा यायच्या आधी आईच्या मांडीवर झोपून गेलं. खिडकीपाशी एक वयस्कर जोडपं होतं. चाळीसेक मिनिटं पाहिली आणि काही न बोलता उठून गेले. ते पुन्हा येणार नाहीत. पार्सल मागवायच्या ॲपवर एक तारा देणारा निदान परत येऊन भांडतो तरी.

निघताना मी मालकाशी बोलले. त्यानं ऐकून घेतलं, उलट उत्तर दिलं नाही. म्हणाला, "ताई, पार्सलला दहा मिनिटं उशीर झाला की स्क्रीनवर लाल दिसतं. रेटिंग खाली जातं, मग ऑर्डरीच यायच्या कमी होतात. डिलिव्हरीचा पोरगा दारात उभा असतो, त्याची पुढची फेरी बुडते. तुम्ही टेबलावरचे समजून घेता."

समजून घेता. हा शब्द मी घरी घेऊन आले. त्या पोरांचं खरं आहे, पेट्रोल त्यांचं, ऊन-पाऊस त्यांचा, आणि उशीर झाला तर बोलणीही त्यांनाच. मालकाचं भाडं आठ टेबलांवर निघत नाही, तेही खरं असेल. पण जो तक्रार करत नाही त्याला मागे ठेवायचं, हा हिशेब चालू झाला की समजून घेणारे एकेक करून कमी होतात आणि मग फक्त स्क्रीनच उरते. त्याला मी एवढंच सांगितलं की शनिवार-रविवार साडेसात ते नऊ पार्सल बंद ठेवून बघ. नाहीतर निदान तासाला किती पार्सल घ्यायची ते ठरव. दारावर पाटी लाव, लोकांना खरी वेळ सांग. तासभर लागेल असं आधी कळलं असतं तर मी अण्णांना घरून थोडं खाऊ घालून आणलं असतं.

खाणाऱ्यांनाही सांगायचंय. खाऊन झाल्यावर तासभर मोबाइल बघत टेबल अडवून बसू नका, बाहेर लोक उभे असतात. काठावरचे काळे डाग बघून 'जळका पिझ्झा' लिहून एक तारा देऊ नका, भाकरीवर डाग नसेल तर आपण ती कच्ची म्हणतो ना? आणि दुकान घरापासून दहा मिनिटांवर असेल तर मागवू नका, चालत जा.

मंगळवारी दुपारी साडेतीनला मी अण्णांना पुन्हा घेऊन गेले. त्यांना यायचं नव्हतं, मीच आग्रह केला. दुकानात आम्ही दोघंच. भट्टी शांत जळत होती, तोच पोरगा, तोच ओटा. गोळा दाबायला घेतला आणि काउंटरवरचा टॅब वाजला. पुन्हा वाजला. त्यानं मालकाकडे बघितलं. मालक म्हणाला, "काकांचा होऊ दे."

काठ टम्म फुगलेला होता. अण्णांनी तोच आधी तोडला.