घरी राहिलेला मुलगा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात आतेभावानं एक वाक्य टाकलं आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाही. मी एवढंच लिहिलं होतं की 'डेथ अ‍ॅट अ फ्युनरल' हा इंग्लिश सिनेमा लेकीबरोबर पुन्हा पाहिला, तुम्हीही बघा, पोट धरधरून हसाल. साताऱ्याहून उत्तर आलं : 'बापाचं प्रेत घरात आणि लोक हसतायत, हे तुमच्याकडेच जमतं. माणूस गेला की तीन तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवणारी माणसं ती. आपल्याकडे अजून कुटुंब शिल्लक आहे.' खाली अकरा जणांनी हात जोडले होते. त्यात माझी सख्खी मावशीही होती.

'तुमच्याकडे' आणि 'आपल्याकडे'. बावीस वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतोय म्हणून मी आता 'तुमच्याकडे'चा झालो, हे मला एका सिनेमावरून कळलं.

सिनेमा २००७ सालचा, दिग्दर्शक फ्रँक ऑझ. गोष्ट एका दिवसाची. इंग्लंडमधलं गावाकडचं ऐसपैस घर, वडील गेलेत, अंत्यविधी घरीच आहे. सुरुवातीलाच शवपेटी येते, मुलगा झाकण उघडायला लावतो आणि आत भलताच माणूस निघतो. व्हॅलियमच्या, म्हणजे मन शांत करणाऱ्या औषधाच्या बाटलीत भलत्याच, नशेच्या गोळ्या असतात, त्या खाऊन चुलतबहिणीचा होणारा नवरा कपडे काढून छपरावर जाऊन बसतो. पाहुण्यांत एक अनोळखी माणूस असतो, पीटर डिंक्लेजनं केलेला. तो मुलांना फोटो दाखवतो. त्यांचा बाप त्याचा प्रियकर होता, आणि गप्प बसायचे त्याला पंधरा हजार पौंड हवेत.

आतेभावानं बहुतेक एवढंच कुठेतरी वाचलं असावं. कारण हा सिनेमा खरा आहे तो दोन भावांचा. धाकटं-थोरलं सोडून द्या, एक घरी राहिलेला आहे आणि एक निघून गेलेला. डॅनियल आईबापाजवळ राहतो, बायकोला वेगळा फ्लॅट हवाय, पैसे पुरत नाहीत. रॉबर्ट न्यूयॉर्कला असतो, नाव कमावलेला लेखक. तो फर्स्ट क्लासनं येतो आणि अंत्यविधीच्या खर्चातला आपला अर्धा वाटा मात्र आता जमणार नाही म्हणतो. आलेला प्रत्येक जण डॅनियललाच विचारतो, भाषण रॉबर्ट करणार ना? बिचाऱ्याच्या खिशात स्वतः लिहिलेले कागद असतात. आता मला सांगा, हे दृश्य आपल्या कुठल्या घरात घडलेलं नाही? परदेशातला मुलगा चार दिवस येतो, सगळे त्याच्याभोवती बसतात, आणि वर्षभर बापाचं औषधपाणी केलेला चहाचे कप उचलत असतो. कुटुंब शिल्लक नसलेल्या देशात असला सिनेमा सुचूच शकत नाही.

याची हिंदी नक्कल २००९ मध्ये आली, 'डॅडी कूल' नावानं. ते घर ठेवलं गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबाचं. मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. बापाचं गुपित, भावांचे पैशावरून वाद, हे सगळं ख्रिस्ती घरात चालतं, देशपांडे किंवा जाधवांच्या घरात चालत नाही, असं आपण किती सहज धरून चालतो. आणि आपल्याच मराठी रंगभूमीवर सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' १९७४ साली आलं. त्यात गेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन करतात, जुन्या स्मशानातच जाळा म्हणून अडून बसतात, आणि मुलगा नाना ते प्रेत घेऊन अडकतो. पन्नास वर्षं झाली. पुण्यातल्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं, आणि माझा आतेभाऊ मला सांगतोय की प्रेतासमोर हसणं आपल्या संस्कारात बसत नाही.

आता त्या फ्रिजबद्दल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ गेले. डॉक्टरांचे कागद, रजिस्ट्रार, मग क्रिमेटोरियमची, म्हणजे दहनगृहाची वेळ, यात जवळजवळ तीन आठवडे गेले. सुरुवातीच्या काळात असलं ऐकलं की मलाही अंगावर काटा यायचा. पण त्या तीन आठवड्यांत त्यांचा मुलगा पर्थहून आला, नात कॅनडाहून आली. क्रिमेटोरियममध्ये चाळीस मिनिटं मिळतात, पुढची मंडळी बाहेर उभी असतात. मुलगा उठला आणि म्हणाला, बाबा म्हणून हा माणूस अवघड होता, दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो, आणि नंतर रोज बोलायला लागलो. मग त्यानं वडिलांनी नव्या गाडीची कशी वाट लावली ते सांगितलं. सगळे हसले, त्यांची बायकोसुद्धा. नंतर पबमध्ये सँडविच आणि सॉसेज रोल. गेलेला माणूस मला त्या दिवशी कळला, दहा वर्षं कुंपणावरून हाय-हॅलो करून कळला नव्हता एवढा.

सिनेमातही शेवटी तेच होतं. सगळी अब्रू चव्हाट्यावर आल्यावर डॅनियल सगळ्यांना गप्प करतो, आणि आपले वडील सर्वगुणसंपन्न नव्हते पण चांगले होते, हे मनापासून सांगतो. आपल्याकडे दहाव्याला 'देवमाणूस गेला' म्हणायचं, आणि तेराव्याला सातबारा काढायचा. यातलं कुठलं जास्त मानाचं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि पुसून टाकलं. कारण फ्रिज हा शब्द मला का झोंबला ते मला माहीत आहे.

माझे वडील वाईला वारले तेव्हा माझी वाट कुणी पाहिली नाही. रात्री फोन आला, मिळालं ते तिकीट काढलं, मुंबईला उतरलो, गाडी सुरूर फाट्याला वळली तेव्हा उजाडत होतं. मी सावडायला पोचलो. अग्नी धाकट्यानं दिला होता, म्हणून क्रियाही त्यानंच केली. ठेवायची सोय होऊ शकली असती. 'दोन दिवस बर्फावर ठेवून हाल कशाला', असं आत्या म्हणाली आणि ते ठरलं. मी त्यांना दोष देत नाही. पण बापाचं तोंड मी शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर, चित्र सारखं अडकत होतं. तेव्हा मला इथले तीन आठवडे चालले असते. तीन महिनेही चालले असते.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर, एकही खाली येईना. अर्धा तास झाला. 'थोरल्याकडे बघून अडलाय जीव', कुणीतरी म्हणालं. मी पुढे होऊन हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं, आईला मी इंग्लंडला नेईन, काळजी करू नका. कावळा हलला नाही. आईवडिलांना इथे कायमचं आणायचे नियम २०१२ साली इतके आवळले गेले की माझ्या आईला तो व्हिसा मिळणं शक्य नव्हतं, आणि हे मला तिथे उभ्या उभ्या माहीत होतं. मग भाऊ वडिलांना उद्देशून म्हणाला, 'अण्णा, आई इथंच राहील माझ्याजवळ.' त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा शिवला.

मुंडण केलेलं डोकं, ओला पंचा, अंगावर थंडीचा काटा, तसाच तो माझ्याकडे वळला. आमची नजरानजर झाली आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. थांबवता येईना. आत्या ओरडली, 'जनाची नाही तर मनाची तरी!' आतेभाऊ पाठ फिरवून उभा होता. त्याचे खांदे हलत होते आणि तो रडत नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

परवा भावाचा फोन आला. ग्रुपवरचं त्यानं वाचलं होतं, त्यावर काही बोलला नाही. आईच्या गुडघ्याचं सांगितलं, गच्ची गळतेय म्हणाला, पैसे पाठवतो म्हटलं तर नको म्हणाला. मग विचारलं, 'दादा, तो पिक्चर. शेवटी भाषण कोण करतो? बाहेरून आलेला?'

'नाही रे,' मी म्हटलं. 'घरी राहिलेला.'

'मग बघतो,' तो म्हणाला.