आजोळ एका गोतात, घराणं दुसऱ्या

मे महिन्यात जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर गाडी थांबवली. कठड्यावर लाल तोंडाची माकडीण बसलेली. डोक्यावर मधोमध भांग, गाल करवंदांनी टम्म, पोटाला पिल्लू. पुतण्या म्हणाला, "काका, माणूस माकडापासून झाला, तर ही अजून माकडंच कशी? सांगा की."

वर्गातही हा प्रश्न दरवर्षी येतो. मी म्हटलं, चुलत आजोबा गावाकडं राहिले म्हणून आपण त्यांच्यापासून जन्मलो का रे? मूळ पुरुष एक, पुढं वाटण्या झाल्या. पुरावा तिच्या गालातच आहे. कुत्र्याचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवतं. आपल्याला आणि तिला ते फळांतूनच घ्यावं लागतं, कारण ते बनवणारं जनुक दोघांतही मोडलेलं आहे. गिनीपिगमध्येही ते मोडलंय, पण वेगळ्या ठिकाणी. माणूस, चिंपांझी, माकड यांच्यातली मोडतोड मात्र एकमेकांशी जुळते. वडिलोपार्जित खोट आहे ती.

मला सगळ्यात भिडते ती आसाम-मेघालयातल्या आखूड शेपटीच्या माकडाची गोष्ट. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या छोट्या भागातला डीएनए फक्त आईकडून येतो, वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडं जातं. या माकडाचा आईकडचा डीएनए उत्तरेतल्या ऱ्हीसस माकडाच्या गोताशी जुळतो, वाय गुणसूत्र मात्र आपल्या कठड्यावरच्या बॉनेट माकडाच्या गोताशी. फार पूर्वी दोन गोतांत सोयरीक झाली, तिचीच ही खूण. आपणही त्यातून सुटलो नाही. २०१० साली निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्याचा थोडा वाटा सापडला. आज तो साधारण १ ते २ टक्के धरतात.

हे सीमाभागातल्या पोरांना समजावायला किती वेळ लागतो? माझं आजोळ बैलहोंगलचं, कन्नड. आई लाडात आली की कन्नड, वडील रागावले की मराठी. असं घर आमच्याकडं गल्लोगल्ली सापडेल. प्राण्यांची प्रत्येक जात पहिल्यापासून वेगळी आणि बंदिस्त असते, ही समजूत या पोरांच्या गळी उतरवणं मला अन्याय वाटतो. म्हणूनच २०२३ साली एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. नात्याची एवढी मोठी गोष्ट, आणि ती सांगायचं वयच आपण हातचं घालवतो.

पुतण्यानं विचारलं, "मग तिचं-आपलं नातं किती लांबचं?" अडीच-तीन कोटी वर्षांचं, मी म्हटलं. तो बराच वेळ पिल्लाकडं बघत राहिला.

जूनमध्ये शाळा उघडली की फळ्यावर काही लिहायच्या आधी मी एकेकाला त्याचं आजोळ विचारणार आहे.